एक गाडी, दोन कर्तव्ये

मोटार घेताना माणूस रंग पाहतो, आसने पाहतो, लिटरमागे किती धावते ते विचारतो. परंतु चाक आणि आसन यांच्यामध्ये काय आहे याची चौकशी सहसा करीत नाही. या भागाची आठवण आपल्याला खड्ड्यातच होते. त्याच्याविषयी या महिन्यात लिहावयास बसलो, त्याचे कारण घरगुती आहे.

माझा भाचा पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याने पाच वर्षांपूर्वी एक जुनी, लहानशी पण जोरकस इंजिनाची गाडी विकत घेतली. आठवड्याचे सहा दिवस ती त्याला कामावर नेते, रविवारी त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, खजराण्याच्या गणपतीला नेते. आणि वर्षातून एकदा ती ग्रेटर नोएडाच्या शर्यतीच्या मार्गावर न्यावी, अशी त्याची मनीषा आहे. मार्गावर वळण घेताना गाडी कलू नये म्हणून तिची बैठक खाली आणि ताठ हवी. पगार बेताचा. तेव्हा त्याने प्रथम जे केले ते पुष्कळ तरुण करतात: एका कारागिराकडून चारही स्प्रिंगांचे दीडदोन वेढे कापून घेतले. खर्च जवळजवळ काहीच नाही, गाडी खाली बसली, मित्रांनी वाखाणली.

त्याच पावसाळ्यात महेश्वरला अहिल्यादेवींच्या वाड्याचे आणि घाटाचे दर्शन घ्यावे म्हणून मायलेक महूवरून जाम घाटाने निघाले. एका वळणावर मागचे चाक रस्त्याच्या मोडलेल्या कडेवरून खाली उतरले, लोंबकळले आणि आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटली. गाडी फिरली आणि कठड्याला घासून थांबली. कठडा होता म्हणूनच मी आज हे लिहीत आहे. बहिणीला मुका मार बसला. कंबरेचे दुखणे मात्र तेव्हापासून सोबतीला आले. तिने मुलाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला अधिक लागले.

वेढे कापल्याने नेमके काय होते? स्प्रिंगचा ताठपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठांतले दोन कापले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे एकतृतीयांशाने अधिक ताठ होते, आणि उंचीने कमीही होते. चाक खाली लोंबते तेव्हा तिला वरखाली दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे काही उरत नाही. शिवाय जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुन्या स्प्रिंगच्या मापाने घडवलेला असतो. नव्या ताठपणाला आवरण्याची ताकद त्याच्यात नसते.

येथे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची कामे वेगळी समजून घेतली पाहिजेत. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून घेते. पण साठवलेले ती परतही करते, म्हणून एकटी असेल तर गाडी हेलकावतच राहील. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला आमच्या इंदूरचा मिस्त्री नुसते ‘शॉकर’ म्हणतो, तो बारीक छिद्रांतून तेल दाबून या हेलकाव्याची उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो. स्प्रिंग ही घरातील उत्साही माणसासारखी, तर शॉकर हा त्याला वेळीच आवरणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा. एकाशिवाय दुसऱ्याने संसार होत नाही.

पूर्वी ही दोन्ही अंगे अलग असत. टांग्याला आणि ट्रकला पाटे, म्हणजे इथल्या भाषेत कमानी. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकात घडवलेली नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग मोटार जगातील नामवंत गाड्यांत गणली जाते. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाला अधिक हवा कोंबणारे यंत्र जोडलेले होते, तरी तिचा भार पुढेमागे पाट्यांवरच होता. पुढे स्प्रिंग शॉकरच्याच भोवती बसवण्याची रीत रूढ झाली. मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना अशीच रचना होती. याच कल्पनेचे हौशी रूप म्हणजे ‘कॉइलओव्हर’: शॉकरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यांवर एक चकती फिरते, आणि तिच्या साहाय्याने गाडीची उंची कमीअधिक करता येते. काहींत शॉकरचा जोर बदलण्याची घुंडीही असते.

जाम घाटानंतर दोन वर्षे भाच्याने पैसे साठवले आणि स्वस्तातला एक संच पाहून ठेवला. गेल्या दिवाळीत तो कागद घेऊन माझ्याकडे आला. “मामा, या वेळी चूक करायची नाही. तुम्ही जरा पाहा.” मी मराठीचा मास्तर, परंतु आमच्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना सोबतीस घेऊन बसलो. आम्हा तिघांनी जो हिशोब केला, तो वाचकांपुढे ठेवतो.

स्प्रिंगवर जितके वजन तितकी ती दबते, हा रॉबर्ट हुकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम. त्यावरून एक सोपे गणित निघते: वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते, त्याचे वर्गमूळ काढावे आणि पाचाला त्याने भागावे, गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल ते मिळते. समजा, पुढच्या एका चाकावर गाडीचा ३०० किलो भार आहे. मिलिमीटरला २.४ किलो ताठपणाची स्प्रिंग साडेबारा सेंटिमीटर दबेल. हेलकावे सेकंदाला सुमारे १.४. ही घरगुती गाडीची मऊ चाल झाली. भाच्याने पाहिलेल्या संचाचा ताठपणा मिलिमीटरला ६ किलो होता. दाब पाच सेंटिमीटर, हेलकावे २.२ हून अधिक. ही शर्यतीच्या गाडीची जात. बसलेल्या माणसाच्या देहाला सेकंदाला ४ ते ८ उभी कंपने सर्वांत अधिक जाचतात; गाडी जितकी ताठ, तितकी रस्त्याची ही बारीक कंपने आसनापर्यंत अधिक पोचतात. विज्ञान शिक्षकांनी आकडा मांडला, भाचा कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “आईची कंबर.” त्यापुढे मला काही सांगावे लागले नाही.

आमचा मालवा काळ्या मातीचा प्रदेश. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. शिवाय प्रत्येक वस्तीसमोर गतिरोधक. अशा रस्त्यावर चाकाला वर जाण्यास पुरेशी जागा हवी. गाडी खाली बसवली की ती जागा घटते. मग खड्ड्यात शॉकरचा दांडा रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि तो हादरा थेट पाठीच्या कण्यात जातो. म्हणून कॉइलओव्हर घेताना उंची कशी बदलते हे आवर्जून पाहावे. काही संचांत फक्त स्प्रिंगखालची चकती सरकते. ती फार खाली घेतली तर चाक लोंबताना स्प्रिंग सैल पडते, म्हणजे पुन्हा जाम घाटच. काहींत शॉकरची संपूर्ण नळी खालच्या पकडीत आट्यांनी वरखाली होते. तेथे उंची बदलली तरी शॉकरची चाल तेवढीच राहते. थोडे अधिक पैसे पडले तरी दुसरा प्रकार घ्यावा.

आणखी काही गोष्टी. विक्रेत्याने स्प्रिंगचा ताठपणा आकड्यात सांगितला नाही, तर तो संच घेऊ नये. घुंडीला तीस टप्पे आहेत, या बढाईला भुलू नये; प्रत्येक टप्प्याने जोर खरोखर किती बदलतो याचा आलेख मागावा, आणि तो नसेल तर ती घुंडी शोभेची समजावी. तेलाची सीले, वरची रबरे, चकत्या हे भाग सुटे मिळतात काय, आणि शॉकर आपल्या देशात उघडून दुरुस्त होतो काय, हे विचारावे. जो संच एका पावसाळ्यात गळतो आणि दुरुस्त होत नाही, तो स्वस्त नव्हे. पावसाळ्यानंतर आटे धुऊन त्यांना ग्रीस लावावे, नाहीतर चिखलाने चकती अशी धरते की हातोडीनेही हलत नाही. संच बसवल्यावर चाकांची सरळ रेषा मापून घ्यावी. ते न केल्यास नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजतात.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेण्यावर बंधने घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. तेव्हा परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारल्यावाचून पाना हाती धरू नये. अपघातानंतर विमा नाकारला गेला, तर वाचवलेले सारे पैसे एका दिवसात जातात.

याच संदर्भात पीथमपूरची आठवण येते. तेथील ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा मार्ग २९ जून २०२१ रोजी खुला झाला. पण त्याच आवारात गाडीची वळणावरील पकड तपासण्याचा मार्ग वेगळा, आणि प्रवाशांचे सुख तपासण्याचा मार्ग वेगळा आहे. ज्यांचे आयुष्य या विद्येत गेले, त्यांनाही ही दोन परीक्षणे स्वतंत्र ठेवावी लागतात. पीथमपूरला अनेक वर्षे ‘बाजा’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा भरत आली आहे. मुले स्वतः घडवलेली एका आसनाची गाडी तेथे आणतात, आधी तिची कसून तपासणी होते, आणि शेवटी खाचखळग्यांतून चार तासांची दौड होते. तेथे सर्वांत ताठ गाडीपेक्षा शेवटपर्यंत मोडल्यावाचून धावणारी गाडी मोलाची ठरते.

भाच्याने अखेरीस काय केले? तो ६ किलोचा संच त्याने घेतला नाही. मूळ मापाच्या अखंड स्प्रिंगा आणि कंपनीचे नवे शॉकर बसवले. झिजलेली रबरे बदलली. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेकचे उत्तम पॅड व तेल घेतले. मार्गावर नवख्याला वेग मिळतो तो बहुधा टायर, ब्रेक आणि शिकवण यांतूनच. कॉइलओव्हरची पाळी त्यानंतर येते. पुढे परवानगी मिळाली आणि पैसे साठले, तर मिलिमीटरला साडेतीन किलोच्या आसपासचा, सेकंदाला १.७ हेलकाव्यांचा मधला संच पाहावा, असे आमचे ठरले आहे. तोवर वही उघडी आहे.

फेब्रुवारीत तो ग्रेटर नोएडाला जाऊन आला. तेथील वळणांवर गाडी कलली, इतरांच्या गाड्या पुढे गेल्या. परत आल्यावर मी विचारले, “मजा आली का?” म्हणाला, “आली मामा. आणि येताना कुठे थांबावंसं वाटलं नाही, इतकी मऊ चालली.”

गेल्या रविवारी तो आईला जाम घाटानेच महेश्वरला घेऊन गेला. चार वर्षांत ती त्या रस्त्याने गेली नव्हती. मी मागच्या आसनावर तिच्या शेजारी बसलो होतो. ते वळण आले तेव्हा तिने माझा हात धरला, आणि वळण गेल्यावर सोडला. पुढे घाट उतरेपर्यंत ती खिडकीतून निमाडचे सपाट रान पाहत होती. मंडलेश्वर जवळ आल्यावर तिने मुलाला एवढेच विचारले, “परत येतानाही याच रस्त्याने येऊ ना रे?”