देशी चिप तपासताही आली पाहिजे



देशी प्रोसेसरची बातमी आली की आता आपली माहिती सुरक्षित झाली, असे सरसकट म्हटले जाते. चिप कुठे बनली हे महत्त्वाचे आहेच; पण तिचे डिझाइन बाहेरच्या तज्ज्ञांना तपासता येते का, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

मे २०१७ मध्ये इंटेलच्या ‘एएमटी’ यंत्रणेतला दोष उघड झाला. कार्यालयांतले संगणक दुरून हाताळण्याची ही सोय मुख्य प्रोसेसरपासून वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या नजरेआड चालते. पासवर्डची खातरजमा करताना ती समोरून जेवढी अक्षरे येतील तेवढीच ताडून पाहत होती. कोरे उत्तर पाठवले की ताडायला काही उरतच नसे आणि प्रवेश मिळे! इतकी ढोबळ चूक सुमारे नऊ वर्षे खपून गेली; तो कोड बाहेरच्यांच्या तपासणीसाठी खुला नव्हता.

खुलेपणा म्हणजे निर्दोषपणा, असे मात्र मुळीच नाही. प्रोसेसरच्या ‘रिस्क-फाइव्ह’ मानकात खुला असतो तो सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी; त्यावर बेतलेले डिझाइन कंपनी खुशाल बंदिस्त ठेवू शकते. याच सूचनासंचावरच्या टी-हेड सी९१० प्रोसेसरमध्ये २०२४ साली ‘घोस्टराइट’ हा गंभीर दोष सापडला. बर्कले विद्यापीठाचा ‘बूम’ प्रोसेसर तर पूर्ण खुला. तरी तोही, प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच करतो याचा गैरफायदा घेणाऱ्या ‘स्पेक्टर’ हल्ल्याला बळी पडतो, हे २०१९ मध्ये दिसले. पण डिझाइन हाती असल्याने संशोधकांना त्यातच दुरुस्ती करून ती पारखता आली. बंदिस्त चिपच्या बाबतीत कंपनीच्या पॅचची वाट पाहावी लागते.

डिझाइन खुले केले तर हल्लेखोरांचे फावेल, हा आक्षेपही टिकत नाही. लंडनच्या ऑयस्टर कार्डातल्या ‘मायफेअर क्लासिक’ चिपची सारी भिस्त गुप्ततेवर होती. संशोधकांनी चिपचे थर घासत सूक्ष्मदर्शकाखाली तिची सांकेतिक पद्धत उलगडली. २००८ मध्ये याच चिपवरचे दुसऱ्या एका गटाचे संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून निर्माती कंपनी डच न्यायालयात गेली आणि हरली.

आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ प्रोसेसरचे डिझाइन खुल्या परवान्याखाली दिले आहे. म्हणजे हे आपल्याकडे अशक्य नाही. वीजमीटर, ओळखपत्रे, बँकांची यंत्रे यांच्या सरकारी निविदांत एक अट हवी: चिपमधल्या सुरक्षेच्या भागाचे डिझाइन आणि ती सुरू करणारा कोड स्वतंत्र तपासणीसाठी खुला असावा. कारखान्यातून आलेली चिप त्या डिझाइनबरहुकूम आहे का, हेही वेगळे तपासावे. जनतेच्या पैशाने घेतलेली चिप तपासण्याचा हक्क जनतेचाच आहे.

— एक वाचक, पुणे