चार सेकंदांची धाव आणि चार वर्षांची हिस्टरी



आजचा विषय थोडा वेगळा आहे. अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहून आलेले पेशंट तिथल्या फुटबॉलबद्दल हमखास विचारतात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन खेळायचा. या खेळात दरवर्षी एप्रिलच्या शेवटी 'ड्राफ्ट' होतो. कॉलेजात खेळलेली मुले व्यावसायिक संघ एकेक करून निवडतात. एकूण सात फेऱ्या आणि अडीचशेहून अधिक निवडी असतात. त्यात 'वाइड रिसीव्हर' या जागेसाठी दरवर्षी साधारण तीस मुले घेतली जातात.

डॉक्टरने यावर का लिहावे? कारण ड्राफ्टआधी या मुलांना ज्या पद्धतीने तपासतात ती आपल्या 'फुल बॉडी चेकअप'ची सख्खी बहीण आहे. टेस्ट कशासाठी करायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि रिपोर्टपुढे माणूस कसा विसरला जातो, हे तिथे फार स्वच्छ दिसते.

वाइड रिसीव्हर म्हणजे काय?

क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू लांब फेकतो आणि वाइड रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. ऐकायला सोपे वाटते. पण त्याला ठरलेल्या मार्गानेच धावावे लागते, नेमक्या पावलावर थांबावे, वळावे लागते. अंगाला चिकटून धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चकवावे लागते आणि धडक बसणार हे माहीत असूनही नजर चेंडूवर ठेवावी लागते. म्हणजे वेग हवा, पण वेगाला ब्रेकही हवा. समज हवी, हात हवेत आणि धीर हवा.

इंडियानापोलिसची तपासणी

ड्राफ्टच्या सुमारे दोन महिने आधी इंडियानापोलिस शहरात 'कम्बाइन' भरते. तीनशेहून अधिक मुलांना बोलावतात. उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी मोजतात. उभ्या जागी उंच उडी, लांब उडी, तीन शंकूंभोवती वळणे घेत पळणे, चेंडू झेलणे असे सगळे होते. या सगळ्यात ज्याची सर्वांत जास्त चर्चा होते ती ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव. झेवियर वर्दी या रिसीव्हरने २०२४ मध्ये ती ४.२१ सेकंदांत पूर्ण केली, तो तिथला विक्रम ठरला.

गंमत अशी की १९८० च्या दशकात हा सगळा उद्योग सुरू झाला तो मुख्यतः वैद्यकीय तपासणीसाठी. प्रत्येक संघाने त्याच मुलाला वेगवेगळे बोलावून पुन्हा पुन्हा तपासण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच ठिकाणी तपासावे, एवढाच हेतू होता. आज टीव्हीवर दिसते ती धाव, आणि डॉक्टरांचे काम पडद्यामागे चालते.

दोन मुले, दोन आकडे

२०१७ च्या ड्राफ्टमधली दोन नावे घेऊ. जॉन रॉसने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पार केले. तेव्हाचा तो विक्रम होता. संपूर्ण ड्राफ्टमध्ये तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला. कूपर कप या मुलाला त्याच अंतरासाठी ४.६२ सेकंद लागले. त्याच्याआधी सहा रिसीव्हर निवडले गेले आणि त्याचा नंबर लागला ६९ वा.

०.४० सेकंदांचा फरक म्हणजे धावेच्या शेवटी साडेतीन-चार मीटर. हा फरक खोटा नाही, खेळात तो महत्त्वाचाच आहे. पण पुढे काय झाले? रॉसला दुखापतींनी ग्रासले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता आणि कोणत्याही हंगामात तो १००० यार्डांपर्यंत पोहोचला नाही. कपने २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तिन्ही बाबतींत तो संपूर्ण लीगमध्ये पहिला होता. त्यानंतरच्या सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

आता विचारायचा प्रश्न असा की कपबद्दलची माहिती आधी उपलब्ध नव्हती का? होती. त्याने कॉलेजच्या चार वर्षांत ६४०० हून अधिक यार्ड मिळवले होते. शंका एवढीच होती की त्याचे कॉलेज खालच्या गटातले, म्हणून समोरचे संघ कच्चे. शंका रास्त होती, पण तिचे उत्तरही नोंदींत होते. २०१५ मध्ये ओरेगॉनसारख्या मोठ्या संघाविरुद्ध त्याने एका सामन्यात १५ झेल आणि २४६ यार्ड केले होते. रॉसच्या बाबतीतही कॉलेजात असतानाच गुडघ्याची मोठी दुखापत झाली होती, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे दोघांचीही 'हिस्टरी' टेबलावर होती.

उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी

माझ्याकडे येणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटना ही गोष्ट चटकन कळेल. तपासणीच्या आधी चार दिवस भात बंद, गोड बंद, सकाळ-संध्याकाळ चालणे सुरू. उपाशीपोटीची शुगर छान येते आणि पेशंट खूश होतो. मग मी एचबीएवनसी करायला सांगतो. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला चार दिवसांचा उपास फसवू शकत नाही.

कम्बाइनची धाव ही उपाशीपोटीची शुगर आहे. मुले कॉलेजचा हंगाम संपला की कित्येक आठवडे फक्त त्या धावेची तयारी करतात. सुरुवात कशी घ्यायची, पहिली पावले कशी टाकायची, हे शिकवायला खास प्रशिक्षक असतात. धाव सपाट जागेवर, अंगावर जड साहित्य नसताना आणि समोर कोणी आडवे येत नसताना होते. सामन्यात अशी धाव क्वचितच लागते. कॉलेजच्या तीन-चार वर्षांची कामगिरी मात्र एचबीएवनसीसारखी असते. पावसात, दमलेले असताना, मार लागलेला असताना मुलाने काय केले, त्याची ती सरासरी.

अर्थात एचबीएवनसीही डोळे झाकून वाचत नाहीत. रक्त कमी असेल तर ती फसवू शकते. तसेच कॉलेजचे आकडेही संदर्भासहित वाचावे लागतात. क्वार्टरबॅक कसा होता? समोरचे संघ कसे होते? संघाच्या एकूण यार्डांपैकी या मुलाचा वाटा किती होता? आणि वय काय होते? २३ वर्षांच्या मुलाने १९ वर्षांच्या मुलांविरुद्ध गाजवलेला हंगाम आणि १९ व्या वर्षीच गाजवलेला हंगाम, हे दोन्ही एका तराजूत तोलता येत नाहीत.

दुसरी बाजू

मग धाव बंद करून टाकावी का? माझे मत तसे नाही. २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला कॅल्विन जॉन्सन उंच, धिप्पाड आणि तरीही वाऱ्यासारखा वेगवान होता. मोजमापांनी त्याच्याबद्दल जे सांगितले ते तंतोतंत खरे ठरले. शिवाय आपल्याला कूपर कप आठवतो, कारण तो यशस्वी झाला. त्याच्याइतक्याच वेगाने धावणारी आणि कधीच नाव न झालेली कितीतरी मुले कोणालाच आठवत नाहीत. 'आमच्या आजोबांनी आयुष्यभर तंबाखू खाल्ली आणि नव्वद वर्षे जगले' असे सांगणारे पेशंट हीच चूक करतात. जे जगले ते गोष्ट सांगायला उरतात, बाकीच्यांची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून टेस्टचे मूल्य तिच्या जागेवर ठरते. हिस्टरी चांगली आणि टेस्ट थोडी कमी, तर शंका थोडी वाढवावी, पण माणूस बाद करू नये. हिस्टरी तोकडी आणि टेस्ट चमकदार, तर कौतुक करावे, पण हुरळून जाऊ नये. आणि जी टेस्ट उपयोगाची नाही ती सोडून देण्याची हिंमतही असावी. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायची बुद्धिमत्ता चाचणी कम्बाइनमध्ये कित्येक वर्षे घेत होते. २०२२ पासून ती बंद केली. आपल्याकडे चेकअपच्या पॅकेजमध्ये टेस्टची संख्या वाढताना दिसते, कमी झालेली मी क्वचितच पाहिली आहे.

डॉक्टर कोणाचा?

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग. कम्बाइनमध्ये संघांचे डॉक्टर मुलांचे सांधे हलवून बघतात, एक्स-रे, एमआरआय, हृदयाच्या तपासण्या पाहतात. पण तो मुलगा त्यांचा पेशंट नसतो. तपासणी त्याच्या शरीराची, पण उत्तर मिळते संघमालकाला. एका शेऱ्यामुळे मुलगा दोन फेऱ्या खाली घसरू शकतो, आणि घसरण म्हणजे कोट्यवधी रुपयांचा फरक.

डी. के. मेटकाफ या रिसीव्हरचे उदाहरण घ्या. २०१८ मध्ये कॉलेजच्या सामन्यात त्याच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि हंगाम संपला. मानेची दुखापत म्हटले की कोणताही डॉक्टर सावध होतो, व्हायलाच हवे. पण पुढची तपासणी नीट झाली, खेळायला परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये तो ६४ व्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या चार हंगामांत नियमित सामन्यांपैकी एकही त्याने चुकवला नाही.

रिसीव्हर नसलेल्या एका खेळाडूचेही उदाहरण देतो. २०१३ मध्ये स्टार लोतुलेलेई या बचावपटूच्या हृदयाच्या इकोमध्ये दोष दिसला आणि त्याला कम्बाइनमध्ये कसरती करू दिल्या नाहीत. पुढच्या तपासण्यांत हृदय नॉर्मल निघाले आणि पहिल्याच फेरीत त्याची निवड झाली. थांबवणे योग्यच होते, कारण हृदयाशी जुगार खेळायचा नसतो. पण पहिला रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्दही नसतो. भरपूर व्यायाम करणाऱ्यांचे ठोके मंद असतात, हृदयाची भिंत थोडी जाड होऊ शकते. तो आजार आहे की सवयीने झालेला बदल, हे कळायला वेळ आणि अनुभवी नजर लागते.

माझे स्पष्ट मत असे की अशा तपासणीत काय सापडले ते सर्वांत आधी त्या मुलाला, त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरकडून दुसरे मत घेण्याची संधी त्याला हवी. आणि रिपोर्ट बाहेर फुटता कामा नये. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा गुडघा हा बातमीचा विषय नाही.

आपल्यासाठी यात काय?

आपल्यापैकी कोणी ड्राफ्टमध्ये जाणार नाही. पण नोकरीला लागताना मेडिकल होते, विम्यासाठी तपासणी होते, क्रीडा प्रबोधिनीत मुलांची मोजमापे घेतात. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. कोणत्याही तपासणीआधी विचारा, 'यातून कोणता प्रश्न सुटणार आहे?' उत्तर नसेल तर ती टेस्ट थांबू शकते.

२. रिपोर्ट दाखवायला येताना जुने रिपोर्टही आणा. एका आकड्यापेक्षा पाच वर्षांचा कल जास्त सांगतो.

३. नोकरी किंवा विम्याच्या तपासणीचा डॉक्टर तुमचा फॅमिली डॉक्टर नसतो. त्या रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा.

४. मुलाची उंची, वेग किंवा एखादा जनुकीय रिपोर्ट पाहून 'हा खेळ याला जमणार नाही' असे बाराव्या वर्षी ठरवू नका. त्याला खेळू द्या, दोन-तीन वर्षे पाहा.

मेडिकलला शिकत असताना आम्हाला एक क्रम शिकवला होता: आधी पेशंटचे ऐका, मग हात लावून तपासा, मग टेस्ट लिहा. संघांच्या निवड समितीलाही मी हाच क्रम सुचवेन. आधी सामन्यांची चित्रफीत पाहा, मग मुलाशी आणि त्याच्या प्रशिक्षकांशी बोला, आणि शेवटी घड्याळ काढा. घड्याळाने आधीच्या मताला धक्का दिला, तर चित्रफीत पुन्हा पाहा. चित्रफीत न बघता घड्याळाचे ऐकणे म्हणजे पेशंटला न बघता रिपोर्टला औषध देणे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या तपासण्या आणि उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)