पेप्टाइडची परीक्षा अळंबीवर थांबू नये

वांगावर उपाय शोधत बेंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला सीरमच्या बाटल्यांवर हल्ली नॉनापेप्टाइड-1, डेकापेप्टाइड-12 अशी नावे वाचायला मिळतात. पर्यायाची निकड आहेच. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी चेहऱ्यांची केलेली दुर्दशा त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाही. अकोल्यात तर गोरेपणाच्या क्रीमपायी एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. केईएम रुग्णालयाच्या तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला.

पेप्टाइडमागची कल्पना चांगली आहे. नॉनापेप्टाइड-1 रंगपेशीवरचा एमसी1आर हा ग्राही (रिसेप्टर) अडवते, त्यामुळे मेलॅनिन वाढवण्याचा निरोपच आत पोहोचत नाही. डेकापेप्टाइड-12 थेट टायरोसिनेज या एन्झाइमला रोखते.

अडचण चाचणीत आहे. स्वस्त आणि सहज मिळते म्हणून बहुतेक प्रयोगशाळा अळंबीचे टायरोसिनेज वापरतात, पण मानवी टायरोसिनेज वेगळे वागते. बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी 50,000 संयुगे मानवी टायरोसिनेजवर तपासली आणि 2018 मध्ये थायामिडॉल या संयुगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानवी एन्झाइम निम्म्यावर आणायला त्याचे 1.1 मायक्रोमोलर पुरले. अळंबीच्या एन्झाइमला 108 लागले. केवळ अळंबीवर विसंबले असते, तर हे संयुग पहिल्याच फेरीत बाद झाले असते. उलट, अळंबीवर चमकणारे कोजिक ॲसिड मानवी एन्झाइमपुढे फिके पडले. थायामिडॉल पेप्टाइड नाही, पण धडा तोच.

पुढचा अडसर त्वचेचा. साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठा रेणू वरचा थर सहजी ओलांडत नाही. डेकापेप्टाइड-12 सुमारे 1,395 डाल्टनचे. पामिटिक ॲसिडची शेपटी जोडली की पेप्टाइड तेलकट थराशी जुळते, पण वजनही वाढते. शिवाय त्वचेतली पेप्टिडेज एन्झाइमे त्याचे तुकडे पाडायला टपलेली असतातच.

मात्रेचा हिशेबही तपासायला हवा. कच्चा माल बहुधा ग्लिसरीनमधल्या पातळ द्रावणाच्या रूपात येतो. 100 पीपीएमचे द्रावण 2 टक्के घातले, तर क्रीममध्ये पेप्टाइड उरते 2 पीपीएम. लेबलवर मात्र ‘2 टक्के पेप्टाइड कॉम्प्लेक्स’ झळकते.

म्हणून फॉर्म्युलेटरांनी पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागाव्यात: मानवी टायरोसिनेजवरचे आकडे, त्वचेतून किती पेप्टाइड शाबूत पोहोचते त्याची मोजणी आणि भारतीय वर्णाच्या स्वयंसेवकांवरची चाचणी. त्या चाचणीत पेप्टाइड लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या दोन्ही गटांना एकच सनस्क्रीन द्यावे, नाहीतर सनस्क्रीनचे श्रेय पेप्टाइडच्या खात्यावर जमा होते. हे कागद हाती येईपर्यंत लेबलवर ‘डाग घालवते’ असे छापू नये.