विश्लेषण : 'डुक्कर फियाट' वारसा, मग पद्मिनी भंगार का?

पन्नाशी ओलांडलेल्या मोटारींना कायद्याने 'व्हिंटेज' म्हणून संरक्षण दिले आहे. मात्र मध्यमवर्गीय घरांच्या आठवणीत घर करून बसलेल्या १९८०-९०च्या दशकांतील गाड्या या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचे पुढे काय होणार?

या गाड्यांबद्दल इतका जिव्हाळा का?

त्या उत्तम होत्या म्हणून नव्हे. प्रीमियर पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असे आणि तो टाकण्याची हातोटी प्रत्येक गाडीगणिक वेगळी असे. थंडीत चोक ओढल्याशिवाय इंजिन जागे होत नसे. खंडाळ्याच्या घाटात रेडिएटर उकळला की बॉनेट उघडून, पाण्याचा कॅन हाती धरून थांबावे लागे. स्टँडर्ड हेरल्डचे बॉनेट पुढच्या मडगार्डसह आख्खे उचलले जाई. १९५०च्या दशकातील फियाट ११००चे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. तिच्या गोलमटोल आकारामुळे मुंबईने तिला 'डुक्कर फियाट' हे नावच देऊन टाकले.

त्या काळी गाडीची निवड करायला फारसा वाव नव्हता. परवाना राजमध्ये नोंदणी केल्यावर गाडी हाती पडायला वर्षे लागत. आलेली गाडी मग दहा-पंधरा वर्षे घरात राही. किरकोळ दुरुस्ती मालकालाच यावी लागे, धक्का मारायला शेजारी येत आणि मेकॅनिक घरचाच होऊन जाई. आजच्या गाडीतील बिघाड संगणक शोधतो. तेव्हाचा बिघाड कानाने ओळखावा लागे. जिव्हाळा जडला तो या सहवासातून.

पद्मिनीचे स्थान वेगळे का?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या सहकार्याने ११०० मालिकेतील मोटारी बनू लागल्या. त्यांचीच पुढची आवृत्ती १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. सरकारी ताफ्यात अ‍ॅम्बेसेडर, तर मुंबईत घरची गाडी आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी, अशी जणू वाटणीच झाली होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. नव्या शतकाच्या सुरुवातीला पद्मिनीचे उत्पादन थांबले. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी, २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. किमान एक तरी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती.

'व्हिंटेज' कोणाला म्हणायचे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये याचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, तर पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही.

मग अडचण कुठे आहे?

१९८४ मध्ये नोंदवलेली पद्मिनी घेऊ. तिची मूळ नोंदणी १९९९ मध्ये संपली. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. व्हिंटेजचा दर्जा मिळेल २०३४ मध्ये. म्हणजे तोवर सात वेळा आरटीओची पायरी चढायची आणि प्रत्येक वेळी गाडी तपासणीत उत्तीर्ण करायची. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

दुसरी अडचण 'मूळ स्वरूपा'ची. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी व्हिंटेज ठरत नाही. पण ज्यांनी पद्मिनी रोज वापरून जिवंत ठेवली, त्यांच्यातील अनेकांनी परवडावे म्हणून डिझेल इंजिन बसवले. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी पात्र आणि राबलेली अपात्र, असा हा पेच आहे.

तिसरी अडचण इंधनाची. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. सुटे भाग कारखान्यातून येणे कधीच बंद झाले. भिस्त उरली ती कुर्ल्यासारख्या जुन्या बाजारांवर.

१५ वर्षांनंतर गाडी भंगारात काढावीच लागते का?

नाही. हा सर्वसाधारण गैरसमज आहे. खासगी गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली, तर महाराष्ट्रात तिची नोंदणी पुढे चालू राहते. दिल्ली परिसराचे नियम मात्र वेगळे आहेत. तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये केवळ वयाच्या आधारे होणाऱ्या कारवाईपासून दिलासा दिला, तो बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरता. पद्मिनीच्या पिढीला त्याचा उपयोग नाही.

इतर देशांत काय होते?

जर्मनीत ३० वर्षांपुढील, चांगल्या स्थितीतील मूळ गाडीला 'एच' अक्षराची वेगळी नंबरप्लेट मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षे पूर्ण झालेल्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला रस्ता कर आणि वार्षिक तपासणीतून सूट घेता येते. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना 'फिवा'ही ३० वर्षांची मर्यादा मानते. भारताची ५० वर्षांची अट त्यामुळे कडक ठरते.

मधला मार्ग आहे का?

जुन्या इंजिनांचा धूर ही खरी समस्या आहे. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाडीची आजच्या गाडीशी बरोबरी होऊ शकत नाही. शहरांच्या हवेची स्थिती पाहता जुन्या गाड्यांना सरसकट मोकळीक देणे योग्य ठरणार नाही. मात्र प्रदूषण ठरते ते गाडी किती धावते यावरही. महिन्यातून दोन रविवार बाहेर पडणारी पद्मिनी आणि रोज ५० किलोमीटर धावणारी जुनी डिझेल गाडी यांना एकच माप लावले जाते.

३० ते ५० वर्षांच्या गाड्यांसाठी वेगळा गट करून, वापरावर मर्यादा घालून त्यांना शुल्कात सवलत देणे शक्य आहे. व्हिंटेज नियमांत वापराची मर्यादा आधीच आहे. ती खाली आणण्यापुरता हा प्रश्न आहे. तसे झाले नाही, तर २०३४ मध्ये दर्जा मिळण्यासाठी पद्मिनी पात्र असतील, पण अर्ज करायला किती उरतील, हा प्रश्न आहे.