आईचे दूध आणि कारखान्याचा नफा

'पाणी उकळून प्या.' दूषित पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना मिळणारे हे ठरलेले उत्तर. म्हणजे घाण कारखान्याने करायची आणि निस्तरायची बाईने. सरपण तिचे, गॅस तिचा आणि वेळही तिचाच. पण काही रसायनांपुढे हा सल्लाही फुकाचा ठरतो. पीएफएएस या नावाने ओळखली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने उकळल्याने जात नाहीत. पाणी आटते, रसायन तेवढेच उरते.

न चिकटणारे तवे, न भिजणारे कापड, आग विझवण्याचा फेस अशा अनेक वस्तूंसाठी ही रसायने वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गात तो मोडता मोडत नाही. ती पाण्यातून रक्तात येतात आणि तिथे वर्षानुवर्षे मुक्काम करतात. त्यांतल्या पीएफओए या रसायनाने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये दिला.

मैत्रिणींनो, बाईच्या शरीरातून ही रसायने बाहेर कशी पडतात? पाळीतून, बाळंतपणातून आणि दुधातून. तिच्या रक्तातले प्रमाण कमी होते, कारण तिच्या वाट्याचे विष बाळाकडे जाते. म्हणून कुणी तिला अंगावर पाजू नकोस असे सांगू लागले, तर ते आपण ऐकून घेता कामा नये. दुधाचे फायदे मोठे आहेत, पाजणे सोडू नका, असेच तज्ज्ञ सांगतात. जाब आईला नव्हे, दूध नासवणाऱ्याला विचारायचा आहे.

नासवणाऱ्यांना हे माहीत नव्हते का? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील ड्यूपॉन्टच्या कारखान्यात १९८१ मध्ये टेफ्लॉन विभागातल्या बायकांना तिथून हलवण्यात आले. या रसायनामुळे उंदरांच्या पिलांत जन्मदोष दिसल्याची खबर कंपनीला मिळाली होती. तिथल्या कामगार बायकांच्या दोन बाळांतही डोळ्यांशी संबंधित दोष आढळले. कारखान्यातल्या बाईला हलवले. पण गावात नळाचे पाणी भरणाऱ्या बाईचे काय? त्या नळाच्या पाण्यात रसायन असल्याचे कंपनीला १९८४ मध्येच समजले होते. गावाला ते कळायला पंधराहून अधिक वर्षे लागली. पुढे सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताची तपासणी झाली आणि मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, गरोदरपणातला उच्च रक्तदाब यांच्याशी त्याचा संबंध असण्याची शक्यता शास्त्रज्ञांच्या मंडळाने नोंदवली.

इटलीतही तेच घडले. व्हिचेन्झा जिल्ह्यात त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्याने साडेतीन लाख लोकांचे पाणी नासवले. २०१३ मध्ये ते उघड झाले. मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे हाती आल्यावर तिथल्या आया संघटित झाल्या आणि ते आकडे अंगातल्या सदऱ्यांवर छापून रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली.

आणि यंत्रे कुठे गेली? ती आपल्याकडे आली! २०१९ मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीच्या उपकंपनीने मितेनीची यंत्रसामग्री आणि पेटंट विकत घेतले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत प्रकल्प उभा राहिला. त्यातून पाण्यात काही गेले आहे, असा आमचा आरोप नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या तंत्राचा इतिहास असा आहे, त्याच्या शेजारणींना मोजमापाचे आकडे मिळालेच पाहिजेत. लोट्याच्या सांडपाण्याने खाडीचे आणि भोई समाजाच्या मासेमारीचे काय केले, हे माधव गाडगीळ समितीने २०११ मध्येच लिहून ठेवले आहे. तिथल्या बायकांनी आता पुन्हा विश्वासावर का राहावे?

'मग रोजगार नको का?' हा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जातो. रोजगार हवा, पण त्याची किंमत मासळी विकणारीच्या पाटीतून आणि तान्ह्या बाळाच्या रक्तातून वसूल करायची हे कुणी ठरवले? ठरवताना तिला विचारले होते का?

अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीएफओएला एका लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात या रसायनांचा उल्लेखही नाही. ज्याला मर्यादाच नाही, ते ओलांडले असे कोण म्हणणार? म्हणून मागणी स्पष्ट हवी: मानक ठरवा, औद्योगिक वसाहतींभोवतालच्या विहिरी, बोअरवेल आणि खाडीचे पाणी कारखानदारांच्या खर्चाने, पण स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासा, आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती हळदीकुंकवापुरती राहू देऊ नका. तिथे ठराव करा. माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्याच्या संमतिपत्राची प्रत मागा. इटलीतल्या आयांना आकडे मिळाले ते विष रक्तात भिनल्यावर. आपल्याला ते आधी हवेत. पाणी आपण भरतो, तर त्यात काय आहे हे जाणून घेण्याचा पहिला हक्कही आपलाच!