घरचं म्हणजे पथ्याचं नव्हे

अमेरिकेतल्या मराठी घरांत 'घरचं' या शब्दाला सोवळ्याचा मान आहे. घरचं तूप, घरचं लोणचं, आईनं डब्यात भरून दिलेलं घरचं मेतकूट. बाहेरचं म्हणजे भेसळ, केमिकल आणि पैसे काढायचे धंदे. हल्ली हाच नियम आपण पाळलेल्या कुत्र्यांनाही लावू लागलो आहोत. निरोगी कुत्र्याचं त्यानं लगेच काही बिघडत नाही. पण म्हाताऱ्या, किडनी थकलेल्या कुत्र्याला हा नियम लावणं म्हणजे प्रेमानं त्याचं आयुष्य कमी करणं आहे. शब्द कडक वाटतील, पण मी ते मागे घेणार नाही.

माझी कुत्री तेरा वर्षांची आहे. तिचा किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. हे कळल्यापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ताटाबरोबर सल्लेही वाढले जातात. "दहीभात घाल, थंड असतो." "पनीर दे, प्रोटीन मिळेल." "ते गोळ्यांचं खाणं आधी बंद कर." आणि हमखास येणारा, "आमच्या गावचा मोती शिळी भाकरी खाऊन पंधरा वर्षं जगला." जगला असेल. पण त्याच गावातले जे मोती सहाव्या वर्षी खंगून गेले, त्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं आणि त्यांची आठवणही कुणी काढत नाही. जगलेल्यांचीच गोष्ट सांगितली जाते, म्हणून ती पुरावा ठरत नाही.

आता मूळ मुद्दा. कुत्र्याच्या किडनीचं काम बरंचसं, साधारण तीन चतुर्थांश, गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढत नाही. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो आणि उरलेला भाग सांभाळणं एवढंच हातात असतं. थकलेल्या किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो साठतो, त्यामुळे पॅराथायरॉइडचं हार्मोन वाढतं, आणि उरलीसुरली किडनी आणखी लवकर झिजते. म्हणून किडनीच्या पथ्यात सगळ्यात आधी फॉस्फरस कमी करतात. प्रोटीन बेताचं पण चांगल्या प्रतीचं, मीठ मोजकं, जोडीला माशाचं तेल.

या हिशोबानं आपले सल्ले तपासा. दूध, दही, पनीर, कलेजी, हाडांचं सूप: सगळीकडे फॉस्फरस. अंड्याचंच बघा. १०० ग्रॅम पांढऱ्यात तो सुमारे १५ मिलिग्रॅम असतो, तेवढ्याच पिवळ्यात सुमारे ३९०. एकाच टरफलातले हे दोन पदार्थ, एक पथ्याचा आणि दुसरा कुपथ्याचा. दोन्ही घरचेच. 'घरचं' हा शब्द इथे काहीही सांगत नाही.

पथ्यानं खरंच फरक पडतो का? पडतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी किडनीचा आजार असलेल्या ३८ कुत्र्यांवर दोन वर्षं केलेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. काहींना किडनीचं खास खाणं, काहींना नेहमीचं, आणि कुणाला काय मिळतंय हे मालकांपासूनही झाकलेलं. खास खाण्यावरच्या कुत्र्यांत युरेमियाचे झटके आणि मृत्यू दोन्ही कमी होते. याउलट पुस्तकांत आणि वेबसाइटवर मिळणाऱ्या घरगुती पाककृती घ्या. किडनीच्या आजारी कुत्र्यामांजरांसाठी म्हणून दिलेल्या ६७ पाककृती कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०१२ मध्ये छापले. सगळी पोषकद्रव्यं शिफारशीइतकी देणारी एकही निघाली नाही. सदुसष्टात शून्य. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातून निरोगी कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृतींचा अभ्यास आला. त्यातल्या ९५ टक्क्यांत एक तरी आवश्यक घटक कमी होता.

यावर मला २००७ ची आठवण करून दिली जाते, आणि ती योग्यच आहे. त्या मार्चमध्ये मेनू फूड्स या कंपनीला अनेक नामांकित ब्रँडच्या नावांनी विकलेलं खाणं परत मागवावं लागलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं आणि ते खाऊन कुत्र्यामांजरांच्या किडन्याच निकामी झाल्या. तेव्हा पिशवीवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण मेलामाइनचा धडा हा की भांड्यात काय आहे ते माहीत हवं. 'मी स्वतः शिजवलं' म्हणजे ते माहीत आहे असं नाही. त्यात फॉस्फरस किती, कॅल्शियम किती, झिंक किती, हे सांगता येत असेल तरच माहीत आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावायचे आहेत. आम्हाला एका दवाखान्यात पिशवी हातात ठेवून सांगितलं गेलं, घरचं काहीही देऊ नका. विषय संपला. कुत्रीनं त्या पिशवीतलं तीन दिवस हुंगलं आणि तोंड फिरवलं. याला नखरा म्हणत नाहीत. किडनीच्या रोग्याला मळमळतं, भूक मरते, हा त्या आजाराचाच भाग आहे. न खाल्लेलं पथ्य कुणालाही बरं करत नाही. 'शिजवू नका' एवढंच सांगून मालकाला घरी पाठवलं की तो रात्री इंटरनेट उघडतो आणि त्या सदुसष्टांपैकी एक पाककृती शोधून काढतो.

गंमत अशी की किडनीचं हे डबाबंद खाणं जन्मलं तेच स्वयंपाकघरात. १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांच्या बडी नावाच्या वाटाड्या कुत्र्याला किडनीचा आजार झाला. न्यू जर्सीचे पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी आपल्या पत्नीसह त्याच्यासाठी घरी खास खाणं बनवलं. काचेच्या बरण्या वाटेत फुटायच्या म्हणून पत्र्याचे डबे आले, आणि १९४८ मध्ये कॅन्ससमधल्या टोपेकाच्या हिल पॅकिंग कंपनीकडे उत्पादन गेलं. मॉरिस यांचा दवाखाना जिथे होता, ते गाव म्हणजे आजचं एडिसन. होय, आपण ओक ट्री रोडवर चितळ्यांची बाकरवडी घ्यायला जातो तेच. म्हणजे घरी शिजवणं हा गुन्हा नाही. मॉरिस दांपत्यानं शिजवलं होतंच, फक्त आजार समजून घेऊन शिजवलं होतं.

तेच आजही करता येतं. पशुआहार हा विषय घेऊन बोर्डाची परीक्षा दिलेले पशुवैद्य इथे आहेत, पशुवैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचे विभाग आहेत, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरमार्फत ते दुरूनही सल्ला देतात. काही शे डॉलर लागतात. पोस्टडॉकच्या पगारात ते टोचतात, हे मी सांगायला नको. पण हाती येते ती ग्रॅममध्ये लिहिलेली, त्या एका कुत्र्याच्या रिपोर्टवरून बांधलेली पाककृती. पांढरा भात, तोलून घेतलेलं थोडं मांस, अंड्याचं पांढरं, तेल, माशाचं तेल, कॅल्शियम कार्बोनेट, जीवनसत्त्वं आणि खनिजांची भुकटी. फोडणी नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते कुत्र्याला विषारीच. आणि आपण 'केमिकल' म्हणून पहिल्यांदा वगळतो ती भुकटीच इथे सगळ्यात महत्त्वाची. नुसत्या मांसभातात कॅल्शियम, झिंक, ड जीवनसत्त्व पुरेसं नसतंच.

कुत्रा भाकरी घेऊन पळाला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तुपात फॉस्फरस जवळजवळ नसतो आणि उष्मांक भरपूर, त्यामुळे आपल्या दह्या-पनीरवाल्यांपेक्षा नामदेवच पथ्याच्या जवळ होते म्हणायचे. मात्र स्वादुपिंडाचं दुखणं असलेल्या कुत्र्याला हीच वाटी इस्पितळात पोचवेल. धावायच्या आधी वाटीत काय आहे आणि समोर कोण आहे, हे पाहावंच लागतं.

खरं तर पथ्य आपल्याला कुणी शिकवायला नको. डायलिसिसवरच्या आजोबांची भाजी उकळून पाणी ओतून देणारी घरं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्या आजोबांना 'घरच्या माडाचं आहे' म्हणून शहाळं पाजायला कुणी धजेल का? तिथे आपण पोटॅशियमचा आकडा विचारतो, वहीत लिहितो, डॉक्टरला फोन करतो. कुत्र्याच्या वेळी मात्र तीच माणसं अंदाजपंचे वाढतात, कारण वाढल्याचं समाधान आपल्याला मिळतं आणि त्याची किंमत बोलू न शकणारा जीव मोजतो.

म्हणून पुढच्या कार्यक्रमात कुणी मला दहीभात सुचवला, तर मी एवढंच विचारणार आहे: फॉस्फरस किती? उत्तर आलं तर वजनकाट्यासकट स्वयंपाकघरात स्वागत आहे. नसेल येत, तर तो दहीभात आपण दोघं खाऊ. कुत्रीला नको.