गंज झाकला जातो, जात नाही

एमएच-३५ची जुनी गाडी विकायला निघाली की आधी तिला पुट्टी लागते. दाराखालचा पत्रा फुगलाय? पॉलिश पेपर घासा, लांबी भरा, रंगाचा हात मारा, फोटो काढून ग्रुपवर टाका. चार महिने आमगाव-देवरीकडच्या धानाच्या बांध्यांतला चिखल खाल्लेली गाडी फोटोत शोरूममधून आल्यासारखी दिसते. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतो आणि पुट्टीचा खपला हातात पडतो. याला आपण रिपेअर म्हणतो. माझ्या मते ही फसवणूक आहे, आणि गिऱ्हाईक ती घासाघीस करून विकत घेतं.

गाडीचा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. दाराखालच्या पोकळ पट्टीला पाणी निघून जायला भोकं असतात. ती चिखलानं बुजतात, पाणी आत साचतं. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून रंग फुगतो. फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो. मारुती ८०० किंवा ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. त्या सांगाड्यात पुट्टी भरणं म्हणजे घराच्या कुजलेल्या खांबाला चुना फासणं.

खरं काम वेगळं असतं. चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग ग्राइंडरनं कापायचा. त्याच जाडीचा पत्रा कापून, वाकवून तिथं बसवायचा. बॅटरीची वायर काढायची, आतली मॅट काढायची, पेट्रोलच्या टाकीपासून ठिणगी लांब ठेवायची. मग सीओटू वेल्डिंगचा एक टॅक इथं, दुसरा तिकडे लांब, आणि मधली जागा थांबत थांबत भरायची. घाई केली तर मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा तापून वाकडा होतो. शेवटी प्रायमर, सांध्यात सीलर, पोकळीत मेण. यातलं काहीच रंगाखाली दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायला हात आखडतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याच पॅचिंगसाठी महिन्याचा पगार मिळतो, हेही सांगून टाकतो.

सरकारला तर मधला रस्ताच दिसत नाही. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी पुन्हा करायला ६०० ऐवजी ५००० रुपये लागू लागले. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवणंच बंद झालं, आणि त्यात एसटीच्या बसही आल्या. सांगाडा शाबूत आहे का, हा प्रश्नच नाही. ज्या एसटीनं दापोडी, चिकलठाणा आणि आपल्या नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या चेसिसवर नव्या बॉड्या चढवल्या, तिच्याही बसचं आयुष्य आता कॅलेंडर ठरवतं.

जुनी गाडी धूर सोडते, हे म्हणणं बरोबर आहे. मग धूर मोजा, आणि जास्त निघाला तर खुशाल रस्त्यावरून काढा. पण धुराचा दोष इंजिनाचा; त्यासाठी पत्र्याचं वय कशाला मोजता? उलट पाच-सहा वर्षांची, पट्टी आतून कुजलेली गाडी रंग मारून बिनधास्त फिरते. ब्रिटनमध्ये एमओटी नावाच्या तपासणीत सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथं बसवलेलं असतं, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आतला गंज शोधतात. तिथं पुट्टी भरलेली चालत नाही, पत्रा नीट वेल्ड केलेलाच लागतो. म्हणजे दुरुस्तीला मान्यता आहे आणि लपवालपवीला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं.

नियम बदलेपर्यंत तुमच्या हातात एक गोष्ट आहे. गाडी पत्रेकामाला टाकली की सडका पत्रा कापल्यावरचा एक आणि प्रायमर मारण्याआधीचा एक, असे दोन फोटो मागा. चांगला वेल्डर हे फोटो आनंदानं पाठवतो, कारण त्याचं काम कुणी पाहायलाच येत नाही. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी त्याच संध्याकाळी परत आणा.